तुळशीवरून ओळखलेलं घर

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारते, बरं चाललंय ना रे — आणि मी हो म्हणतो. ते खोटं नाही. बरंच चाललंय. तेच तर सांगायचंय.

मी आठवीत शाळा सोडली. गावाकडे लोकांच्या घरांवर पत्रे ठोकायचो. नात्यातल्या सदाकाकांनी मला इथे, व्हर्जिनियात, आणलं. घरांची छपरं आणि बाहेरच्या भिंतींवरचं साइडिंग, म्हणजे पट्ट्यांचं आवरण, बदलायची त्यांची कंपनी आहे. कागदपत्रं त्यांनी केली, राहायला त्यांचंच बेसमेंट, जेवण काकूंच्या हातचं. माझ्यासारख्याला एवढं कोण करतं हो? सकाळी जाग आली की डोक्यावर काकांची पावलं वाजतात. मी पडल्या पडल्या ऐकतो — आज जोरात पडतायत का? रागात आहेत का? तीन वर्षं झाली, रोज ऐकतो.

आम्ही जातो त्या वसाहतींत सगळी घरं सारखी. इथल्या सोसायटीला एचओए म्हणतात, आणि तिची परवानगी असेल तोच रंग छपराला, तोच साइडिंगला. मागच्या डेकचे, म्हणजे लाकडी ओट्याचे, कठडेसुद्धा एकसारखे. म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावरचा घरनंबर दारावरच्या नंबराशी जुळवायचा, मगच शिडी लावायची. हे मला हर्नानने शिकवलं. हर्नान आमचा मुकादम, ग्वाटेमालाचा, पन्नाशीचा. पहिल्या दिवशी छपराचा उतार बघून मी शिडी धरूनच उभा राहिलो, तेव्हा कमरेचा दोर बांधायलाही त्यानेच शिकवलं. चारदा बांधून दाखवला, चारदा सोडला. त्याला मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश. मोडक्या इंग्रजीवर आमचं भागायचं. मला तो अमिगो म्हणायचा, म्हणजे मित्र.

त्या दिवशी कुलकर्णींचं छप्पर होतं. "आपलीच माणसं आहेत, नीट करा," काका म्हणाले होते. आम्ही पोचलो, आणि मला एका डेकवर तुळशीची कुंडी दिसली. झालं! हेच घर. बेल वाजवली, कुणी आलं नाही. कामावर गेले असतील. हर्नान हातातला कागद पुढे करून म्हणाला, "अमिगो, नंबर वेगळा आहे." मी हसलो. म्हटलं, आमच्या माणसांचं घर मी लांबून ओळखतो, तू लाव शिडी.

मालकाचा नातेवाईक मी. त्याने शिडी लावली.

दोन तासांत अर्धं छप्पर उघडं केलं. जुन्या शिंगल्स, त्या डांबरी कौलांचा, खाली ढीग पडला. तेवढ्यात चार घरं पलीकडून एक बाई धावत आल्या. "अहो, मी सकाळपासून चहा ठेवून बसलेय, आणि तुम्ही रेड्डींचं घर काय सोलताय? ते गेलेत हैदराबादला! त्यांच्या तुळशीला मी पाणी घालते रोज!"

त्या कुलकर्णी काकू होत्या. तुळस काय फक्त मराठी माणूसच लावतो? एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

पण ही नुसती चूक होती. चूक मी सांगितली असती तर... नाही, थांबा. मनातल्या मनात सांगतानाही मी नेहमी इथेच थांबतो. आज पुढे जातो.

काका आले. आल्या आल्या मराठीत ओरडले, "कुणी लावायला सांगितली रे शिडी? डोळे फुटले होते?" हर्नान माझ्या शेजारीच उभा होता, हातात तोच कागद. मला ते बेसमेंट दिसलं, विमानतळ दिसला, आईचं तोंड दिसलं. मी छातीवर हात ठेवला आणि मराठीतच म्हणालो, "काका, मी सांगत होतो नंबर बघ म्हणून. हर्नानने ऐकलं नाही."

त्याच्यासमोर. त्याला कळणार नाही अशा भाषेत. मी बोलत असताना तो मान हलवत होता — माझ्या म्हणण्याला दुजोरा देत!

काकांनी त्याला इंग्रजीत सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं काय ते सांगण्याएवढं इंग्रजी त्याला येत होतं. त्याने नुसती कागदाची घडी केली, खिशात टाकली, आणि जाण्याआधी उघड्या छपरावर ताडपत्री बांधायला वर चढला. त्याची जागा मला मिळाली. काका लोकांना सांगतात, शिकला नाही पण पोरगं प्रामाणिक आहे. काकू ताटात आणखी एक पोळी वाढतात. मी खातो.

इथवरचं कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. यापुढचं नाही.

या वसंतात सामानाच्या दुकानात हर्नान भेटला. खिळ्यांच्या रांगेत. मी परत फिरणार, तेवढ्यात त्याने पाहिलं, येऊन मिठी मारली. त्याला अजून कायमचं काम नव्हतं. म्हणाला, त्या दिवशी मी मुद्दाम गप्प राहिलो. खरं बोललो असतो तर तुला परत पाठवलं असतं. आणि तू साहेबापुढे छातीवर हात ठेवून माझ्यासाठी किती बोललास, ते मी पाहिलं. घरी बायकोलाही सांगितलं. थँक यू, अमिगो.

मी म्हणालो, "नो प्रॉब्लेम."