मागेल तेव्हा द्या

तापकीर अण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर एप्रिलच्या उन्हात त्यांच्या कमरेला लोकरीचा स्वेटर बांधलेला होता. पांढरा, बिनबाह्यांचा, गळ्याला मरून पट्टी. स्वारगेटच्या पलीकडे आमच्या क्लबचं मैदान होतं. त्याच्या पायऱ्यांवर अण्णा तिसऱ्या पायरीच्या कडेला बसत. धनकवडीचे शेतकरी, पुढे कात्रजला डेअरीत नोकरी, आणि रविवारी हे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकताच कॅप्टन झालेला, आणि क्रिकेटमधलं आपल्याला सगळं कळतं अशा समजुतीतला.

आमच्या पायऱ्यांवरच्या मंडळींना फलंदाजीत फारसा रस नव्हता. त्यांचा जीव अडकलेला असे तो एका प्रश्नात: बोलर कधी बदलायचा? त्यावरून बँकेतले बापट आणि इतर चार जण सकाळपासून डबा उघडेपर्यंत भांडत. "तीन विकेटी काढल्यात त्याने, आत्ता काढतात का त्याला? कॅप्टनचं डोकं आहे की नारळ?" हे बापट मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. अण्णा वादात पडत नसत. ते फक्त ओव्हर संपली की डावीकडे मान कलती करून थांबत. मग कधीतरी त्यांचा हात स्वेटरच्या गाठीवर जाई आणि ते म्हणत, "मागतोय. काढा त्याला."

ते म्हणाले आणि बोलर काढला नाही, तर पुढच्या ओव्हरीत काहीतरी होईच. एकदा पाहुण्या संघाच्या एका धिप्पाड पोराबद्दल ते असं बोलले. बापटांनी टिंगल केली, "अण्णा, पोरगा बैलासारखा आहे, त्याला काय होतंय?" चौथ्या चेंडूला त्या पोराची मांडी धरली आणि चौघांनी त्याला उचलून आणला. बापटांनी उठून त्याला आपली जागा दिली. त्यांनी जागा सोडणं ही आमच्या मैदानावर त्याहून मोठी घटना होती.

मलाही त्यांनी सोडलं नाही. सादिक हा आमचा एकमेव खरा वेगवान गोलंदाज. नाना पेठेतल्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, हाडकुळा, गोड स्वभावाचा, कधी नाही न म्हणणारा. त्याच्या या स्वभावाचा मी भरपूर फायदा घेत असे. एकदा चहाच्या वेळी अण्णा माझ्याजवळ आले. "कॅप्टन, माणूस हाय तो. नळ नव्हं, सोडून ठिवायला." मी हसून म्हटलं, "अण्णा, तुम्ही बघायला येता ना? मग बघा." ते आपल्या पायरीवर परत गेले.

स्वेटरची गोष्ट मला बापटांनी सांगितली. अण्णा पूर्वी अंपायर होते, आणि उत्तम अंपायर होते. बोलर ओव्हर टाकायला आला की आपला स्वेटर अंपायरकडे देतो. अंपायर तो कमरेला बांधतो. बोलरचं काम संपलं की परत देतो. डिसेंबरातल्या एका सामन्यात रघू नावाचा बोलर अण्णांना हळूच म्हणाला, "अंपायर, एवढी झाली की स्वेटर द्या." ओव्हर संपली. अण्णांनी गाठ सोडून स्वेटर पुढे केला. तेवढ्यात लांबून कॅप्टन ओरडला, "अजून एक, रघू." रघूने स्वेटरकडे पाहिलं, कॅप्टनकडे पाहिलं, आणि तो स्वेटर न घेताच मागे फिरला. बोलर कोण असावा हे अंपायरने बोलायचं नसतं. अण्णा बोलले नाहीत, त्यांनी स्वेटर परत कमरेला बांधला. त्याच्या पुढच्या ओव्हरीत तिसऱ्या चेंडूला पळत येताना रघू कोसळला, तो उठलाच नाही.

धावपळीत स्वेटर अण्णांच्या कमरेलाच राहिला. तेराव्यानंतर ते तो घेऊन रघूच्या घरी गेले. त्याच्या आईने हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "त्याने तुमच्याकडे ठेवायला दिलाय ना? मग मागेल तेव्हा त्याला द्या." अण्णांनी अंपायरिंग सोडलं आणि पायऱ्यांवर येऊन बसायला लागले. बापटांनी हे सांगितलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "मी एकदा पाठीत थाप मारायला गेलो, तर स्वेटर ओलाचिंब. घामाने. आतला सदरा मात्र कोरडा ठणठणीत." मी ते हसण्यावारी नेलं. तरी त्या दिवसानंतर अण्णांच्या डाव्या बाजूला मी कधी बसलो नाही.

त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. शेवटच्या दुपारी त्यांना चौदा धावा हव्या होत्या आणि आम्हाला दोन विकेटी. जेवणानंतर एका टोकाने सादिकच टाकत होता. ओव्हर संपल्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मिड-ऑफवरून ओरडलो, "अजून एक, सादिक." शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की हे आपण कुठेतरी ऐकलंय. पण ट्रॉफी दिसत होती. मी शब्द मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या टोकाची ओव्हर झाली. सादिक आपल्या खुणेकडे चालू लागला आणि पायऱ्यांवरून अण्णा उठले. सीमारेषा ओलांडून ते सरळ मैदानात आले, चालता चालता गाठ सोडत. अंपायर ओरडत होता, लोक शिव्या देत होते. सादिक पळत निघाला, निम्म्यात थांबला. त्याने आपला कोपर झटकला आणि वळून पाहिलं. चेंडू त्याच्या हातून पडला आणि तो तिथेच खाली बसला. अण्णा त्याच्यापर्यंत पोचले. त्यांनी दोन्ही हातांवर स्वेटर पुढे केला. पण सादिकपुढे नाही, त्याच्या थोडा डावीकडे. मग हात जोडले आणि आले तसे परत गेले.

सादिक म्हणाला, "मी नाही टाकत." आयुष्यात पहिल्यांदा त्याने नाही म्हटलं. मी दुसऱ्याला चेंडू दिला आणि आम्ही हरलो.

संध्याकाळी, सादिक घरी गेल्यावर, बाकी सगळ्यांसमोर मी अण्णांना म्हणालो, "तुमच्या त्या स्वेटरने आमची ट्रॉफी खाल्ली. उद्यापासून इथे पाऊल टाकू नका." माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला मी हे बोललो, याची आजही लाज वाटते. ते म्हणाले, "बरं." त्यांच्या कमरेला काही नव्हतं. स्वेटर सादिककडे असेल असं मी धरून चाललो. सादिकला वाटलं, अण्णा घेऊन गेले. मैदान झाडणाऱ्यालाही तो मिळाला नाही.

दीड महिन्याने नोकरीसाठी सादिकची डॉक्टरी तपासणी झाली. डॉक्टर बराच वेळ त्याच्या छातीला नळी लावून बसले आणि मग त्यांनी विचारलं, "तुम्ही पळता? अजून पळता?" हृदयाची झडप खराब होती. ऑपरेशन झालं, सादिक वाचला. बोलिंग सुटली.

मी कात्रजला अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि म्हणाली, "आता झोप लागती त्यांना." मी माफी मागायला लागलो तर अण्णांनी मला अडवलं.

"माफी कशाची? ज्याचा त्याला दिला."

"कुणाला, अण्णा?"

"रघूला. सादिकच्या शेजारीच उभा व्हता की." पावसाबद्दल बोलावं तसं ते बोलले. मग म्हणाले, "आता मला बोलिंगमधलं काय बी कळत न्हाई बघा. मागायला कुणी येतच न्हाई." पुढच्या वर्षी ते झोपेतच गेले.

आज त्या पायऱ्यांवर आम्ही म्हातारे बसतो. बोलर कधी बदलायचा यावरून सादिक आणि मी रोज भांडतो. पोरं भोवती जमली की तो त्यांना ठरलेली गोष्ट सांगतो, "अरे, कॅप्टन असावा तर असा. फायनल होती. मी पळत निघालो होतो. याने मागून येऊन माझा कोपर धरला आणि कानात म्हणाला, बास कर. हात इतका गार आणि ओला होता की मी झटकलाच. पण त्या हातामुळे मी आज इथे बसलोय." पोरं माझ्याकडे आदराने बघतात. सादिक माझ्या गुडघ्यावर थाप मारतो.

मी मिड-ऑफला होतो. तिथून हललोही नव्हतो. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.