टॉवर नको म्हणणारी ताई

पूनम सागर सोसायटीतल्या बायका पंचशीलाला चिडवायच्या, घरात मायक्रोवेव्ह न ठेवणारी अख्ख्या मीरा रोडमध्ये ही एकटीच! ती हसण्यावारी न्यायची. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपणाऱ्या दुर्बिणींच्या संस्थेत तिची नोकरी. दर महिन्याला घाट चढून दुर्बिणीभोवतीच्या गावांत जायचं आणि लोकांना समजवायचं, की इथे मोबाइलचा टॉवर नको, त्याच्या लहरींच्या गोंगाटात आभाळातलं काही ऐकू येत नाही. मायक्रोवेव्हही तसलाच गोंगाट करतो, म्हणून तिने तो स्वतःच्या घरातही ठेवला नव्हता.

लोक काय खुळे आहेत? आमचा काय फायदा, असं ते विचारायचेच. मग ती सांगायची, दुर्बीण पन्नास वर्षं इथेच राहणार, तुमची पोरं इथेच कामाला लागणार. हे तिला तिच्या साहेबाने, परागने, छातीठोक सांगितलेलं. तिच्या शब्दावर सरपंच शेवंतीबाईंनी ग्रामसभेत टॉवर नाकारला. त्यांच्याच सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा गाडी बोलवायला मुलगा टेकडी चढून गेला, रेंज मिळावी म्हणून.

मंगळवारी संस्थेच्या पुढच्या तीस वर्षांच्या आराखड्याची मीटिंग होती. पंचशीला घरूनच ऑनलाइन बसली होती. परागने पडद्यावर नकाशा दाखवला. नव्या दुर्बिणी दुसऱ्या राज्यात, घाटावरची जुनी लवकरच बंद. मीटिंग संपल्यासंपल्या तिने त्याला फोन लावला.

"सर, हे कधी ठरलं?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

"आणि मला गावात पाठवत राहिलात?"

"अगं, तुला सांगितलं असतं तर तू तिथे इतकं मनापासून बोलली असतीस का? तोवर काम तर चालू ठेवायचं होतं ना."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मेल्याच्या आवाजात लाज म्हणून नव्हती. हिच्या खरेपणाचंच त्याने भांडवल केलं, आणि ही वेडी दर महिन्याला घाट चढत राहिली. संतापाने तिला जेवण गेलं नाही. पण गावाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगायचं, एवढं तिने ठरवलं.

शनिवारी ती शेवंतीबाईंच्या ओट्यावर जाऊन बसली. काही सारवासारव न करता सगळं सांगितलं. मला खरंच माहीत नव्हतं, हेही सांगितलं.

शेवंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

"असू द्या ताई," त्या म्हणाल्या. "नोकरी हाय तुमची. म्हाईत नव्हतं असं आता खोटं कशाला बोलता?"