लिंबाजी मास्तरांच्या पाठीचं माप

लिंबाजी मास्तर पिशवी रिकामी कधी पारखत नसत. पालमच्या बाजारात जुना लष्करी माल विकणाऱ्याकडची पाठपिशवी उचलायची, शेजारच्या भुसारवाल्याची लोखंडी वजनं तिच्यात भरायची आणि सरळ मिरच्यांच्या ओळीकडे चालू लागायचं. भुसारवाला मागून हाका मारतोय, गिऱ्हाइकं खोळंबलीत. मास्तरांना त्याचं काय! एक फेरी मारून यायचे आणि पिशवी परत ठेवायचे. "सगळं वझं खांद्यालाच लटकायलंय. कमरंला काय काम हाय का न्हाई?"

शाळेत ते माझे सहकारी आणि आमच्या गायन पार्टीचे पेटीवाले. जयंतीच्या दिवसांत आम्ही गावोगाव गायला जायचो. एसटी फाट्यावर सोडायची, पुढची वाट पायी. पेटी डोक्यावर नेली की त्यांची मान आखडायची आणि गाताना वर सूर लागायचा नाही, म्हणून हा पिशवीचा ध्यास.

शेवटी एक खाकी पिशवी पसंत पडली. पाठीच्या बाजूला त्यांनी सतरंजीची घडी शिवली, कमरेला जुन्या होल्डॉलचा पट्टा लावला. पेटी आत उभी, पाठीला घट्ट चिकटून. मी एकदा म्हटलं, थोडं अंतर मी नेते. तर म्हणाले, "न्हाई बाई. ती माझ्या पाठीच्या मापाची हाय." असा राग आला मला! जसं काही मी त्यांची पाठच मागत होते.

मग त्यांच्या छातीत दुखू लागलं. परभणीच्या डॉक्टरांनी ओझं उचलायला साफ मनाई केली. पार्टीतली पोरं म्हणाली, यंदा झरीकडच्या गावाला नुसत्या ढोलकीवर भागवू. निघायच्या दिवशी बघते तर मास्तर एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. मी त्यांना वाट्टेल ते बोलले.

फाट्यावर उतरल्यावर ते मैलाच्या दगडावर बसले. खिशातून दाभण, सुतळी आणि चाकू काढला आणि स्वतःच घातलेले टाके उसवू लागले. मला पिशवी चढवायला सांगितली. लांबूनच बघायचे, उतरवायला लावायचे, पट्टा आखूड करायचे, पुन्हा चढवायला सांगायचे. चहावाला टक लावून बघत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कमरंचा पट्टा आधी आवळा, मग खांद्याचे," ते म्हणाले. तसं केलं आणि खांदे एकदम हलके झाले.

पट्ट्यांची उरलेली टोकं लोंबत होती. मी म्हटलं, दुमडून शिवा, बरे झालात की तुम्हाला लागतील. मास्तरांनी चाकू लावला आणि टोकं कापून टाकली.

"टोकं ऱ्हायली तर मी पुन्हा पेटी उचलीन, बाई."

मग आम्ही चालू लागलो. मी पुढे, मास्तर मागे. मोकळ्या हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. कधी मागे बांधत, कधी धोतराचा सोगा धरत. त्या रात्री ते फार सुंदर गायले.

दिवाळीच्या आधी मास्तर गेले. पेटी अजून मीच नेते. फाट्यावर उतरले की आधी कमरेचा पट्टा आवळते, मग खांद्याचे, आणि निघण्याआधी सवयीने एकदा मागे वळून बघते.