सोमवारचा आवाज

माहेरपण उरकून साताऱ्याहून मी सांगलीला घरी आले, तेव्हा सासरे दारातच उभे होते. हातातली पिशवीसुद्धा त्यांनी मला खाली ठेवू दिली नाही.

“सूनबाई, आवाज गेला.”

“कुणाचा?”

“कुनाचा म्हंजे? त्याचा. कुनीतरी काढला त्यो.”

‘गेला’वरून ते ‘काढला’वर किती चटकन आले, हे मला तेव्हाच खटकलं.

‘त्याचा’ म्हणजे माझ्या नवऱ्याचा. शतक संपायला आलं होतं. वर्षाचे आकडे बदलले की जगभरचे कॉम्प्युटर गोंधळ घालणार, म्हणून अमेरिकेत आपल्याकडच्या मुलांना मागणी होती. त्यात तोही गेला. जाताना आपला कॉम्प्युटर घरीच ठेवून गेला. परदेशी फोन तेव्हा परवडत नसे, आणि फोनवर सासरे “बरा हाईस का? जेवलास का?” एवढं ओरडून रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. मिनिटं पळतायत या धास्तीनं त्यांना पुढचं काही सुचायचंच नाही. म्हणून नवऱ्यानं एक मार्ग काढला. इंटरनेटवर फुकट जागा मिळत असे, तिथं त्यानं एक पान तयार केलं. दर रविवारी तो आपला आवाज रेकॉर्ड करून त्या पानावर ठेवायचा, आणि आमच्याकडे सोमवारी सकाळी तो ऐकायला मिळायचा.

सोमवारी सासरे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून कॉम्प्युटरसमोर बसत. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते, मी आणि माझे दीर, एवढीच माणसं. सासऱ्यांची उमेदीची वर्षं लष्करात बिनतारी संदेश ऐकण्यात गेलेली. शब्दांपेक्षा शब्दांच्या मधल्या जागा ऐकायची त्यांना सवय होती. “आज घसा बसलाय त्याचा,” म्हणायचे. नाहीतर, “आज कुनीतरी बाजूला बसलं हाय. मोकळा बोलत न्हाई.”

मी शहरातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते, म्हणून यंत्राचं घरात जे काही व्हायचं ते माझ्याकडे यायचं. पिशवी कोपऱ्यात ठेवून मी कॉम्प्युटर लावला. मोडेमनं नेहमीची किंकाळी फोडली, लाइन जुळली, पान उघडलं. नवऱ्याचा फोटो जागेवर होता. पण त्याच्याखाली आवाजाचं बटण असायचं तिथं एक कोड्याचा तुकडा दिसत होता, लहान मुलांच्या चित्र जुळवायच्या खेळातला असतो तसा. त्यावर टिचकी मारली तरी काही होईना.

याचा अर्थ मला माहीत होता. त्या वेळच्या ब्राउझरला स्वतःहून असला आवाज वाजवता येत नसे. त्याला वरून जोड द्यावी लागे, तिला प्लगइन म्हणत. नवऱ्यानं जाण्यापूर्वी अशा दोन-तीन जोडण्या स्वतः बसवून दिल्या होत्या. आता त्यातली एकही नव्हती. शिवाय ब्राउझरचा तोंडवळाही बदललेला दिसला.

“नवीन कुणी टाकला हा?” मी विचारलं.

“मी,” आतल्या खोलीतून दीर म्हणाले. ते माधवनगरला एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. “मासिकाबरोबर सीडी आली होती, वहिनी. नवीन चांगला आहे म्हणाले सगळे. परवा दुपारी घरी आलो, तेव्हा जुना काढला आणि हा टाकला.”

“काढला म्हंजे कुठं टाकला?” सासऱ्यांनी विचारलं.

“टाकायचा कुठं, आबा? काढला म्हणजे गेला.”

सासरे माझ्याकडे वळले. “बग. त्येच्याच त्वांडनं.”

इथं जमिनीचं सांगायला हवं. कवठे महांकाळकडे आमची कोरडवाहू जमीन होती. ती विकून माधवनगरला स्वतःचे माग टाकावेत, असं दिरांच्या मनात होतं. सासऱ्यांनी ना हो म्हटलं होतं, ना नाही. थोरला काय म्हणतो ते ऐकू, एवढंच म्हणाले होते. आणि थोरल्यानं फोनवर सांगितलं होतं, “असं घाईत नको. रविवारी पानावर नीट सांगतो.” नेमका तोच आवाज ऐकायचा राहिला होता.

सासऱ्यांचा हिशेब सरळ होता. ज्याला तो आवाज नको होता, त्यानं तो बंद केला. दिरांवर त्यांचा संशय उघड होता. पण मीही सुटले नव्हते, हे मला जेवताना कळलं.

“साताऱ्याला त्याचा फोन आलावता न्हवं?” ताटातून मान वर न करता त्यांनी विचारलं.

आला होता. मी नाही कशाला म्हणू? “हो. आईशी बोलले, मग माझ्याशी.”

“जमिनीचं काय म्हनला?”

“काही नाही. मी विचारलं, तर म्हणाले पानावर ठेवलंय, सगळ्यांनी मिळून ऐका.”

“बायकोला सुदिक सांगितलं न्हाई?” ते नुसते हसले. मला यंत्रातलं कळत होतं, मला नवऱ्याचा फोन आला होता, आणि आवाज गेला त्या वेळी मी सोयीस्करपणे गावाला होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही माझ्याकडे तसंच बघितलं असतं.

खरं तर माझ्याही मनात घोळत होतंच. गिरणीतून दुपारी कधी घरी न येणारे दीर नेमके त्या दिवशी का आले? रिसायकल बिन, म्हणजे पुसलेल्या फायली साठतात ती टोपली, रिकामी कुणी केली? ती मी जाताना भरलेली होती. आणि फोनवर जमिनीचा विषय काढल्यावर नवरा उगाच हसला होता, मग लोणच्याचं बोलत बसला होता. तो असा विषय बदलणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ते प्लगइन इंटरनेटवरून नव्यानं उतरवून घ्यायला बसले. अर्ध्याहून जास्त उतरलं की लाइन तुटायची आणि सगळं पहिल्यापासून. क्लासमधल्या चांगल्या लाइनवरून एकदाचं फ्लॉपींवर भरून आणलं, तर ते म्हणालं, तुमचं मशीन जुनं आहे, मी इथं चालणार नाही. नवऱ्यानं बसवलेलं होतं तेच जुनं हवं होतं, आणि ते आता कुठं मिळत नव्हतं. सासरे मागे खुर्ची टाकून बसले होते. मी हात चोळत उठले, तसे ते म्हणाले, “व्हईना म्हंतीस?”

“होत नाही, मामा.”

“का तुलाच होऊ द्यायचं न्हाई?”

मी स्वयंपाकघरात गेले. भांड्यांचा आवाज जरा जास्तच केला.

भांडी आपटता आपटताच मला क्लासमधली एक गोष्ट आठवली. एखादा प्रोग्रॅम काढून टाकला, तरी तो स्वतः जे घेऊन आला होता तेवढंच घेऊन जातो. मागाहून दुसऱ्या कुणी त्याच्या घरात आणून ठेवलेलं तो पुसत नाही. आणि प्लगइन तर नवऱ्यानं मागाहून बसवलेली होती. मी ओल्या हातानंच बाहेर आले. जुन्या ब्राउझरचं फोल्डर शोधलं. ते होतं! आत बाकी सगळं गेलं होतं, फक्त प्लगइनचं फोल्डर शिल्लक होतं, आणि त्यात नवऱ्यानं बसवलेल्या फायली जशाच्या तशा. त्यांच्यावरच्या तारखा तो विमानात बसण्याआधीच्या होत्या. त्यानंतर कुणीही त्यांना हात लावलेला नव्हता.

“मामा, मिळालं. फक्त उचलून नव्याच्या फोल्डरमध्ये ठेवायचं.”

मला वाटलं होतं, ते खूश होतील. त्यांनी माझा माउसवरचा हातच धरला.

“थांब. धाकट्याला येऊ दे. त्येच्या म्होरं कर. मागनं कुनी म्हनाय नगं, मधी कायतरी घातलं.”

दीर गिरणीतून येईपर्यंत ते कॉम्प्युटरसमोरून हलले नाहीत. चहासुद्धा तिथंच घेतला. संध्याकाळी दीर आले, त्यांना एका बाजूला बसवलं, मला मधे, आणि स्वतः दुसऱ्या बाजूला. मी एकेक गोष्ट मोठ्यानं सांगत केली: ही जुनी जागा, ह्या फायली, ह्या तारखा, ही नवी जागा. दीर तारखा वाचून म्हणाले, “बघा आबा. मी आलो त्या दिवसाची तारीख आहे का कुठं?” सासऱ्यांनी मला पुढं करायची खूण केली. मी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. पानावर कोड्याचा तुकडा नव्हता, बटण होतं. मी दाबलं.

“आबा, नमस्कार,” नवरा म्हणाला. सासऱ्यांचा हात आपोआप कानाकडे गेला, जणू तिथं अजून हेडफोन होता.

थंडीचं झालं, जेवणाचं झालं. मग तो म्हणाला, “जमिनीचं मी पुष्कळ विचार करून सांगतो. विकून टाकावी. तिकडं राबणार कोण? त्याला माग टाकू द्या.”

आवाज संपला. मी दिरांकडे बघितलं. आवाज त्यांच्याच बाजूचा निघाला होता. तो लपवण्याचं त्यांना काहीच कारण नव्हतं. आमचे सगळे तर्क मातीत गेले, असं वाटून मी सुटकेचा श्वास घेतला.

“परत लाव,” सासरे म्हणाले.

मी परत लावला. डोळे मिटून त्यांनी तो सगळा ऐकला, आणि डोळे न उघडताच धाकट्याला विचारलं, “तू त्येला फोन केलावतास. कवा केलास?”

दिरांनी आधी माझ्याकडे बघितलं. “मागच्या आठवड्यात. माधवनगरच्या बूथवरनं. भाऊ आहे तो माझा, आबा. बोलायचं नाही का त्याच्याशी?”

“बोल की. लय बोल. पर ‘त्याला माग टाकू द्या’ ह्ये त्याचं बोलनं न्हवं, ह्ये तुझं हाय. तुमी दोगांनी ठरवलं, आनि मला नुस्ता आवाज ऐकवला.”

“आणि वहिनींनी तो शोधून दिला,” दीर चिडून म्हणाले. “त्यांनासुद्धा तुम्ही सोडलं नाही.”

मी घाईनं म्हणाले, “मामा, कुणी काही काढलं नव्हतं. नव्या ब्राउझरनं जुन्याकडचं बरोबर आणलं नाही, एवढंच झालं होतं. तुम्ही बघितलंत ना?”

“मशीनचं कळलं मला, सूनबाई,” ते उठत म्हणाले. “मी मशीनबद्दल बोलत न्हाई.”

त्या वर्षी जमीन विकली गेली नाही. दीर माधवनगरला खोली घेऊन राहायला गेले. भांडण असं झालं नाही. सणाला येत, जेवून जात. नवऱ्याचा आवाज दर सोमवारी येतच राहिला. सासऱ्यांनी माझ्याकडून एक गोष्ट मात्र शिकून घेतली. ब्राउझरच्या मेनूतून बसवलेल्या सगळ्या प्लगइनची नावं दिसतात, ते पान ते दर वेळी आधी उघडायचे. त्यांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण अक्षरांचे आकार त्यांनी पाठ केले होते. पडद्यावरून बोट फिरवत सगळं जागेवर असल्याची खात्री करायचे आणि मगच म्हणायचे, “हां. आता बोल म्हनावं.”

बऱ्याच दिवसांनी दीर मला सांगली स्टँडवर भेटले. मी साताऱ्याच्या गाडीची वाट बघत होते, ते कुणाला तरी पोचवायला आले होते. त्यांनी मला उसाचा रस पाजला. गिरणीचं, भाड्याच्या खोलीचं बोलणं झालं. गाडी लागली, तशी त्यांनी माझी बॅग उचलली आणि दाराशी येऊन जरा घोटाळले.

“वहिनी, एक विचारू? आता काही फरक पडत नाही, पण खरं सांगा.”

“विचारा की, भावजी.”

“साताऱ्याला जायच्या आधी तुम्ही त्या मशीनवर काही केलं नव्हतं ना? म्हणजे, दादाच्या सांगण्यावरून?”

मी हसलेच. मग सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं: नवा ब्राउझर, जुनं फोल्डर, तारखा. त्यांनी स्वतःच वाचल्या होत्या त्या तारखा. ते मान हलवत ऐकत होते. “हां, हां. बरोबर आहे,” म्हणाले. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीशी बसले आणि बाहेर बघितलं. ते अजून मान हलवत उभे होते, पण त्यांना पटलं होतं की नाही, हे मला त्यांच्या तोंडावरून सांगता आलं नसतं.