बाबा नाहीत तिथं

"तुझे वडील येशूला मानत होते का?" पास्टरने विचारलं. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते.

२००५ साल. मी आठवीत. अमेरिकेतल्या फ्रिस्कोची सरकारी शाळा. गणिताच्या तासाला चिठ्ठी आली आणि मला कौन्सेलरच्या खोलीत पाठवलं. कौन्सेलर बाई नव्हत्याच. मुलांना धीर द्यायला शाळेने चर्चमधून आणलेला हा माणूस त्यांच्या खुर्चीत बसला होता.

"नाही. आम्ही बौद्ध आहोत."

त्याने हळहळून मान हलवली. "म्हणजे ते आता आगीत आहेत. पण तू अजून वाचू शकतेस."

माझे हात धरून त्याने मला प्रार्थना म्हणायला लावली. एकेक ओळ आधी तो, मागून मी. होय, मी म्हटली. सांगताना आजही शरम वाटते. मोठ्या माणसाने म्हण म्हटलं की म्हणायचं, हेच घरात शिकवलेलं. आमेन म्हटलं आणि मीच माझ्या बाबांना आगीत सोडून बाहेर आले.

त्यानंतर घास गिळेना. डोळे मिटले की बाबा जळताना दिसायचे.

आईला सांगितलं. 'मुलीला आधार देऊ' असा शाळेचा कागद आला होता, तिने न वाचता सही केली होती. शिक्षणानेच वर आलेलं नागपूरचं घर आमचं. शाळा वाईट करेल, हे तिच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

"ऐकून घे गं," ती रडत म्हणाली. "आपला व्हिसा बाबांच्या जॉबवर होता. आता कुणाशी पंगा घेऊ मी?"

रविवारी बाबांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा विधी झाला. पांढऱ्या कपड्यांतली माणसं हॉलमध्ये बसून त्रिसरण म्हणत होती. मी त्यांच्यात मुकी. त्या आमेननंतर बाबांसाठी कुठल्या तोंडाने काही म्हणू?

मंगळवारी पुन्हा बोलावणं. पास्टर गोड आवाजात म्हणाला, "पुढच्या वेळी आईलाही आण. तिलाही वाचवू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आई तेव्हा इतकी खचलेली होती, की त्याने सांगितलं असतं ते सगळं तिने म्हटलं असतं. हे त्यालाही कळत होतं.

"आई येणार नाही. आणि मी म्हटलं होतं ते परत घेते."

"वडिलांना पुन्हा भेटायचं नाही तुला?"

भेटायचं होतं. श्वासागणिक भेटायचं होतं. पण हा तर म्हणाला होता, बाबा आगीत आहेत! मग भेट कुठे घालून देणार होता?

"तुमच्या स्वर्गात माझे बाबा नाहीत. मला तिथं यायचंच नाही."

त्याने मला प्रिन्सिपलसमोर नेलं. प्रिन्सिपल म्हणाले, "ते मदतच करत होते. बाकीचे पालक तर आभार मानतात."

पुढच्या मंगळवारी पास्टरकडे पाठवायला टीचरने दोनदा माझं नाव पुकारलं. वर्ग वळून बघत होता. मी उठले नाही. काढा शाळेतून. आईसकट देशाबाहेर काढा. माझ्या बाबांचा निवाडा ऐकायला मी कुणासमोर बसणार नाही.