मैदानावरच्या हिरव्या बांगड्या

सीताबर्डीच्या गल्लीत भागीरथाची बांगड्यांची टपरी. गिऱ्हाईक बाईच्या हातात बांगड्या भरून झाल्या की भागीरथा तिचा हात क्षणभर आपल्या कपाळाला लावायची. बांगडी फुटली असं तिच्यासमोर कोणी म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं.

तिचा रजत अकरा वर्षांचा. मोहल्ल्यातल्या मैदानावर कबड्डी खेळायचा, आणि बाद झाला की श्वास अडकेपर्यंत रडायचा. संघातली पोरं वैतागायची. घरी येऊन हा ताटावर बसायचा नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, खेळ सोडवू नका, चार पोरांत राहिला की सावरेल. म्हणून भागीरथा त्याला रोज समजावून पाठवायची.

दिवाळीनंतर रडणं एकदम थांबलं. पोरगा हसत घरी येऊ लागला, मागून पोळी घेऊ लागला. भागीरथानं टेकडीच्या गणपतीला नारळ फोडला आणि एका संध्याकाळी टपरी लवकर बंद करून त्याचा खेळ बघायला गेली.

मैदानाच्या मधोमध पियूष नावाचं किडकिडीत पोरगं हुंदके देत उभं होतं. खेळ शिकवणारा भैयाजी त्याच्या मनगटात हिरव्या बांगड्या कोंबत होता.

"जो रडन तो बाई! वाजवा टाळ्या!"

कट्ट्यावर बसलेले आईबाप मोबाइलवर शूटिंग करत होते. एक बाई तर स्वतःच्या हातातला चुडा खळखळवत तोंडाला पदर लावून हसत होती. आणि सगळ्यात जोरात टाळ्या पिटत होता रजत.

भागीरथा जवळ गेली, तर बांगड्याही तिच्याच डब्यातल्या, सोनेरी टिकलीच्या.

"तूनं आणल्या?"

रजतनं मान खाली घातली. "सर म्हणे, तू बांगड्या आणून दे, मंग तुले नाही घालत."

"मजाक आहे जी, भाभी," भैयाजी हसला. दातांवर तंबाखूचा खर्रा लाल चिकटलेला. "असेच तं पोट्टे पक्के होते."

"पक्के? नासून राहिले ते. माह्या पोराले चोरी अन लाचारी, दोन्ही तुम्हीच शिकवली. तुमच्या माईच्या हातात काय होतं जी? तिलेच हसून राहिले ना तुम्ही?"

भैयाजीनं बाजूला पिंक टाकली. तिच्या पायाजवळच पडली. भागीरथा हलली नाही. रजतकडे वळली.

"काढ. तूनं आणल्या, तूच काढ. एकबी वाढवायची नाही."

कासारणीचं पोर, कसं काढायचं ते त्याला ठाऊक होतं. पियूषचा अंगठा तळव्यात दाबून तो एकेक उतरवू लागला. हात सुजलेला, शेवटची बांगडी अडली. पियूष कळवळला आणि रजतलाही रडू फुटलं.

"आता दोघायले घाला!" कट्ट्यावरून कोणीतरी ओरडलं. भागीरथानं तिकडे नुसतं पाहिलं, घाणीकडे पाहावं तसं.

"उद्यापासून याले पाठवू नका," भैयाजी म्हणाला.

"पाठवीन. अन मी बसीन इथं. पाहीन ना मी, कोणाच्या हातात भरता ते."

रजत नाक ओढत म्हणाला, "आई, पियूष मले आपल्या बाजूनं खेळाले घेईन?"

"मले काय विचारतं? त्याले विचार."

रजतनं विचारलं. मनगट चोळत पियूषनं त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

"बराबर केलं त्यानं," भागीरथा म्हणाली. "उद्या परत विचारजो."