मंजूर पदांवरील

विधेयक मंजूर झालं त्या दुपारी आमच्या कॉलेजात पेढे वाटले. वेंगुर्ल्याकडचं आमचं जुनं कॉलेज आता सरकारी विद्यापीठ होणार होतं. प्राचार्यांनी विधेयकाची प्रत माझ्या हातात दिली. "बाई, तुम्हीच वाचा. तुमचे उच्चार स्वच्छ."

मी तिथे अकरा वर्षं मराठी शिकवत होते, तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर पगार, नाहीतर ठणठणाट. विद्यापीठ झालं की कायम होऊ, या आशेवर मी स्टाफरूममध्ये उभी राहून ठसक्यात वाचलं, "महाविद्यालयातील मंजूर पदांवरील सर्व कर्मचारी विद्यापीठाच्या सेवेत वर्ग होतील." टाळ्या पडल्या. प्रत काखेत धरून मीही वाजवल्या.

दाराशी प्रयोगशाळेतले मामा उभे होते. केस पिकले तरी हंगामीच.

"बाई, सगळे म्हंजे आमी पण?"

"सर्व म्हटलंय ना, मामा!" मी फटकारलं.

"तां खरा. पण त्येच्या आदी काय लिवलला आसा?"

मी पुन्हा वाचलं. विशेषण नामाला कुंपण घालतं, हे मी दरवर्षी घसा फोडून शिकवायचे आणि स्वतः मात्र ठेच लागेपर्यंत पाहिलं नव्हतं. आमची पदं कधी मंजूर झालीच नव्हती. मनात पाल चुकचुकली.

पुढे कुणी वाईट बोललं नाही, तेच जास्त भिववणारं होतं. मी आत आले की गप्पा थांबत. प्राचार्यांना विचारलं तर म्हणत, "होईल हो काहीतरी." जूनचं वेळापत्रक लागलं, त्यात माझ्या तासांपुढे नुसती रेघ होती. मामांनी प्रयोगशाळेच्या किल्ल्या कार्यालयात जमा केल्या, त्या परत मिळाल्या नाहीत.

मग एका सकाळी हेडक्लार्क एक मसुदा घेऊन आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरांनी शुद्धलेखन तपासायला सांगितलंय."

'आपल्या सेवेची यापूढे आवश्यकता नाहि.'

कागद फाडून त्यांच्या अंगावर भिरकावावा असं वाटलं. पण चूक दिसली की माझ्याच्याने राहवत नाही. 'पुढे'चा उकार ऱ्हस्व केला, 'नाही'ची वेलांटी दीर्घ केली. खाली ज्यांना पत्र जायचं त्यांची यादी होती. तिसऱ्या ओळीत माझं आडनाव चुकलं होतं. तेही दुरुस्त करून दिलं.